मंगळावर पाळणा हलेल काय?

अवकाशयुग सुरू होऊन सहा दशकांहून अधिक काळ लोटला. या काळात मनुष्य चंद्रावर जाऊन आला. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात नोव्हेंबर २००० पासून अखंड मनुष्यवस्ती आहे. मंगळाच्या भूमीवर स्वयंचलित गाड्या वर्षानुवर्षे हिंडत आहेत. साहजिकच पुढचा प्रश्न विचारला जातो : सूर्यमालेत अन्यत्र मानवाला कायमची वस्ती करता येईल काय? या विषयावर जे वाचावयास मिळते, त्यात अग्निबाण, इंधन, प्राणवायू, पाणी आणि खर्च यांची चर्चा असते. ती आवश्यकच आहे. परंतु आयुष्याची तीस वर्षे नवजात अर्भके व मुले यांच्या सहवासात घालविलेल्या वैद्याच्या मनात ही वर्णने वाचताना एक साधा प्रश्न उभा राहतो. या सर्व योजनांत मूल कोठे आहे? प्रस्तुत लेखात याच एका प्रश्नाच्या अंगाने या विषयाचा विचार करण्याचे योजिले आहे.

तळ आणि गाव

जेथे माणसे ठराविक मुदतीसाठी जातात, नेमून दिलेले काम करतात आणि परत येतात, तो तळ होय. जेथे मुले जन्मतात, निरोगी वाढतात आणि मोठी झाल्यावर त्यांच्याही घरी पाळणा हलतो, ते गाव होय. तळ उभारणे हा अभियांत्रिकीचा विषय आहे. गाव वसणे हा मुख्यतः प्रसूतिशास्त्राचा व बालवैद्यकाचा विषय आहे.

हा भेद समजण्यासाठी अंटार्क्टिकाचे उदाहरण उपयोगी पडते. तेथे माणसाचा वावर शंभर वर्षांहून जुना आहे. आपले 'मैत्री' हे स्थानक तेथे १९८९ पासून कार्यरत आहे. त्याच्याच शेजारच्या नोवोलाझारेव्स्काया या सोव्हिएत तळावर ३० एप्रिल १९६१ रोजी डॉ. लिओनिद रोगोझोव्ह यांनी आरशाच्या साहाय्याने, स्थानिक भूल देऊन, स्वतःच स्वतःचे अपेंडिक्स काढले, ही कथा आपणांपैकी अनेकांना ज्ञात असेल. त्या तळावर ते एकटेच डॉक्टर होते. पुढे ७ जानेवारी १९७८ रोजी अर्जेंटिनाच्या एस्पेरांझा तळावर एमिलिओ पाल्मा याचा जन्म झाला. त्या खंडावर जन्मलेले हे पहिले ज्ञात मूल. चिलीने १९८४ मध्ये कुटुंबांसाठी एक लहानसे खेडेही तेथे वसविले. दीर्घ मुक्कामास येणाऱ्यांना, मुलांसुद्धा, अपेंडिक्स आधीच काढून घेऊन यावे लागे. इतके करूनही अंटार्क्टिकात आजवर एकही गाव पिढ्यान्‌पिढ्या नांदले नाही. वास्तविक तेथे श्वासास हवा आहे, पिण्यास बर्फाचे पाणी आहे आणि पायाखाली पृथ्वीचेच गुरुत्वाकर्षण आहे. चंद्र आणि मंगळ यांच्या तुलनेत अंटार्क्टिका म्हणजे नंदनवनच म्हणावयाचे.

सूर्यमालेतील जागा

आता उपलब्ध जागांकडे एक नजर टाकू. चंद्र सर्वांत जवळचा, तीन दिवसांच्या वाटेवरचा. परंतु तेथे वातावरण जवळजवळ नाही, आणि गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश आहे. मंगळावर दिवस सुमारे २४ तास ४० मिनिटांचा, हे सोयीचे. मात्र वर्ष ६८७ दिवसांचे, सरासरी तापमान शून्याखाली सुमारे ६० अंश सेल्सिअस, हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि त्या विरळ हवेतही ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. तेथील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के आहे. जाण्यास सहा ते नऊ महिने लागतात, आणि निघण्याची अनुकूल वेळ सुमारे २६ महिन्यांतून एकदा येते.

शुक्राच्या पृष्ठभागावर सुमारे ४६० अंश तापमान व पृथ्वीच्या नव्वदपट दाब असल्याने तेथे उतरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र पृष्ठभागापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर उंचीवर तापमान व दाब पृथ्वीसारखे आहेत, आणि गुरुत्वाकर्षण ९० टक्के आहे. १९८५ मध्ये सोव्हिएत 'व्हेगा' यानांनी सोडलेले फुगे तेथे जवळजवळ दोन दिवस तरंगत राहिले होते. परंतु तेथे पाय टेकण्यास भूमी नाही आणि भोवती गंधकाम्लाचे ढग आहेत. शनीचा उपग्रह टायटन याच्यावर दाट वातावरण आहे. जानेवारी २००५ मध्ये 'हायगेन्स' यान तेथे उतरले. तेथील तापमान शून्याखाली १७९ अंश आणि गुरुत्वाकर्षण चंद्राहूनही कमी.

यातील हवा, पाणी, ऊब हे प्रश्न कठीण असले तरी त्यांचे स्वरूप आपणांस कळलेले आहे. मंगळावरील 'पर्सिव्हिअरन्स' गाडीतील एका उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात तेथील हवेपासून एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू तयार करून दाखविला. एका प्रौढ माणसाला दिवसाला आठशे ग्रॅमहून अधिक लागतो. म्हणजे मार्ग सापडला आहे, मोठे यंत्र बांधावयाचे बाकी आहे. चंद्राच्या मातीत पाण्याचे अंश आहेत, हे आपल्या 'चांद्रयान-१' ने २००८-०९ मध्ये केलेल्या निरीक्षणांतून सिद्ध झाले. अशा गोष्टी पैसा आणि काळ खर्चून साध्य होतील. परंतु एक गोष्ट अशी आहे की जी कोणत्याही टाकीत भरून नेता येत नाही. ती म्हणजे गुरुत्वाकर्षण.

बालविकासातील अदृश्य शिक्षक

मान धरणे, कुशीवर वळणे, पालथे पडणे, बसणे, रांगणे, धरून उभे राहणे, पाऊल टाकणे. बालकाच्या पहिल्या वर्षातील हे टप्पे आपण रोज तपासतो, आणि घरोघरच्या आज्याही ते अचूक सांगतात. हे सर्व टप्पे म्हणजे गुरुत्वाकर्षणाशी बाळाने दिलेल्या झुंजी आहेत, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. तो ओढणारा हात सतत असतो, म्हणूनच स्नायू, हाडे, अंतर्कर्ण आणि लहान मेंदू त्याच्याशी जुळवून घेत घडत जातात.

हा भार न मिळाल्यास काय होते, याची काही उदाहरणे आपल्या बाह्यरुग्ण विभागातच आढळतात. सेरेब्रल पाल्सीमुळे कधी उभे न राहिलेल्या मुलाचा खुबा हळूहळू निखळतो, कारण मांडीच्या हाडाचा गोल माथा खोबणीत दाबला गेल्याशिवाय खोबण नीट खोल होत नाही. त्याची हाडे इतकी ठिसूळ होतात की कपडे बदलतानाही मोडावीत. ज्या गर्भाची हालचाल स्नायुविकारामुळे मंद असते, ते अर्भक बारीक हाडे व आखडलेले सांधे घेऊन जन्मास येते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. गर्भ तर गर्भजलात तरंगतच असतो. मग त्याला गुरुत्वाकर्षणाचे काय? हा आक्षेप अर्धाच खरा आहे. पाणी शरीराला उचलून धरते. पण अंतर्कर्णातील सूक्ष्म खडे पाण्यातही खालीच ओढले जातात, आणि शेवटच्या महिन्यांत गर्भाशयाच्या भिंतींवर मारलेल्या लाथांतून हाडांना व्यायाम घडतोच. शिवाय जन्मानंतर तरंगणे संपते. दूध पाजल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढण्याची साधी रीतसुद्धा दूध खाली आणि हवा वर राहते, या एका नियमावर उभी आहे.

प्रौढांविषयी आपणांस बरेच ठाऊक आहे. वजनरहित अवस्थेत खुब्याच्या हाडाची घनता दरमहा एक ते दीड टक्क्याने घटते आणि रोज दोन तास व्यायाम करूनच ती घट आटोक्यात ठेवता येते. काही अंतराळवीरांत नेत्रपटलावरील चकतीला सूज आढळते. वलेरी पोल्याकोव्ह यांनी १९९४-९५ मध्ये सलग ४३७ दिवस अवकाशात काढले आणि ते परतल्यावर स्वतःच्या पायांनी चालले. सुनीता विल्यम्स यांचा आठवड्याभराचा नियोजित मुक्काम २०२४-२५ मध्ये नऊ महिन्यांवर लांबला, तरी त्या सुखरूप परतल्या. पण ही सर्व प्रौढ शरीरे होती. ती पृथ्वीवर पूर्ण घडून मग वर गेली आणि पुन्हा पृथ्वीवर परतली.

प्राण्यांवरील प्रयोगांची अवस्था अशी. १९७९ मध्ये सोव्हिएत 'कॉसमॉस ११२९' उपग्रहात उंदरांचे नर व माद्या एकत्र ठेवण्यात आल्या. काही माद्यांत गर्भधारणेची चिन्हे आढळली, पण एकही पिल्लू जन्मास आले नाही. १९९४ मध्ये जपानी मेडाका माशांनी अवकाशयानात अंडी घातली व त्यांतून पिल्ले बाहेर आली. १९९४ व १९९५ मध्ये अमेरिकेने गाभण उंदीरमाद्या गर्भकाळाच्या उत्तरार्धात वर पाठविल्या. त्या पृथ्वीवर परतून व्यायल्या. पिल्ले जगली, पण अंतर्कर्णाशी निगडित प्रतिक्षेपांत फरक आढळला. १९९८ च्या 'न्यूरोलॅब' मोहिमेत दोन आठवडे वयाची पिल्ले सोळा दिवस अवकाशात राहिली. परतल्यावर ती चालू लागली, परंतु पाठीवर ठेवल्यावर वळून उभे राहण्याची प्रौढ पद्धत त्यांच्यात पुढील निरीक्षणकाळातही विकसित झाली नाही. त्याच मोहिमेत अगदी तान्ह्या पिल्लांपैकी अनेक आईपासून दुरावल्याने व दूध न मिळाल्याने दगावली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी प्रयोगात उंदरांचे भ्रूण अवकाश स्थानकात ब्लास्टोसिस्ट अवस्थेपर्यंत वाढले, ही आशादायक गोष्ट होय. मात्र गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंतचे संपूर्ण चक्र एकाही सस्तन प्राण्यात अवकाशात पूर्ण झालेले नाही.

हे सर्व प्रयोग वजनरहित अवस्थेतले. मंगळाच्या ३८ टक्के गुरुत्वाकर्षणाविषयीची माहिती याहूनही तुटपुंजी आहे. आंशिक गुरुत्वाकर्षणात मानवाने काढलेला दीर्घतम काळ म्हणजे डिसेंबर १९७२ मधील 'अपोलो-१७' चा चंद्रावरील मुक्काम, सुमारे ७५ तास. त्या कार्यक्रमात चंद्रावर उतरलेले बाराही जण प्रौढ पुरुष होते. स्थानकातील लहान सेंट्रिफ्यूजमध्ये प्रौढ उंदरांवर केलेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात चंद्राइतक्या गुरुत्वाकर्षणाने पोटरीच्या स्नायूची झीज रोखली गेली, पण स्नायुतंतूंच्या प्रकारात होणारा बदल थांबला नाही. प्राण्यांच्या पिढ्या वाढविता येतील, असे मोठे सेंट्रिफ्यूज स्थानकाला जोडण्याची योजना होती. २००५ मध्ये ती रद्द झाली आणि अर्धवट बांधलेला तो कक्ष जपानमधील त्सुकुबा येथे प्रदर्शनात मांडला गेला. ज्या एका उपकरणातून वसाहतीच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळू शकले असते, ते जमिनीवरच राहिले.

किरणोत्सर्ग आणि तीन पिढ्या

'क्युरिऑसिटी' गाडीवरील मापकाने मंगळाच्या प्रवासात दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट आणि मंगळभूमीवर दिवसाला सुमारे ०.६४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग नोंदविला. चंद्रावर 'चांग-ई ४' यानाने सुमारे १.३७ मिलिसिव्हर्ट मोजला. पृथ्वीवर आपणा सर्वांस निसर्गतः वर्षभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे गांभीर्य कळते.

आपल्या देशातील नियमानुसार क्ष-किरण विभागात काम करणाऱ्या स्त्रीने गर्भारपण कळविल्यानंतर उर्वरित काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टहून अधिक मात्रा मिळता कामा नये. मंगळाच्या उघड्या भूमीवर ही मर्यादा दुसऱ्याच दिवशी ओलांडली जाईल, आणि २८० दिवसांच्या गर्भारपणात बेरीज १८० च्या घरात जाईल. हिरोशिमा व नागासाकी येथील गर्भस्थ बालकांच्या दीर्घ अभ्यासावरून आठव्या ते पंधराव्या आठवड्यांतील मेंदू किरणोत्सर्गाला सर्वाधिक बळी पडतो, हे आपण जाणतो. तेथील मात्रा क्षणात मिळालेली होती आणि मंगळावरील मात्रा संथपणे मिळेल, हा फरक खरा. परंतु वैश्विक किरणांतील जड अणुकेंद्रके ही क्ष-किरणांहून निराळ्या जातीची आहेत, आणि विकसनशील मेंदूवरील त्यांच्या परिणामाचा मानवी अनुभव आपणांजवळ नाही.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. स्त्रीचे बीजांड ती आईच्या उदरात असतानाच तयार झालेले असते. मंगळावर गर्भवती असलेल्या स्त्रीच्या पोटी कन्या असेल, तर त्या कन्येची बीजांडेही तेथेच घडत असतात. म्हणजे आई, लेक आणि नातवंड अशा तीन पिढ्या एकाच वेळी त्या किरणांच्या माऱ्यात उभ्या असतात. यावर उपाय आहे. मातीचा दोन-तीन मीटर जाड थर किरणोत्सर्ग पुष्कळच कमी करतो. पण मग गर्भारपण, बाळंतपण आणि बालपण भुयारातच काढावे लागेल.

माती, जी तोंडात घालता येत नाही

रांगते मूल हाताला लागेल ते तोंडात घालते. तो त्याचा जग ओळखण्याचा मार्ग आहे. मंगळाच्या मातीत मात्र अर्धा ते एक टक्का परक्लोरेट आहे, हे २००८ मध्ये 'फिनिक्स' यानाने शोधून काढले. परक्लोरेट थायरॉइड ग्रंथीत आयोडीन शिरू देत नाही, हे आपण औषधशास्त्रात शिकलो आहोत. नवजात अर्भकाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन जन्मजात हायपोथायरॉइडिझम आपण शोधतो, तो एवढ्याचसाठी की पहिल्या काही आठवड्यांत संप्रेरक न मिळाल्यास बुद्धीची हानी भरून येत नाही. ज्या वसाहतीत अंगणातील धूळच या ग्रंथीची शत्रू आहे, तेथे गरोदर स्त्री आणि तान्हे मूल यांचे पाणी, भाजीपाला, हवा, सारेच गाळून घ्यावे लागेल.

चंद्राच्या धुळीचा प्रश्न वेगळा. तिचे कण वारा-पाण्याने घासले गेलेले नसल्याने टोकदार राहिले आहेत. 'अपोलो-१७' मधील हॅरिसन श्मिट यांना त्या धुळीने शिंका व नाक चोंदण्याचा त्रास झाला होता. आपल्या मंदसौरच्या पाटीपेन्सिल कारखान्यांतील कामगारांना सिलिकायुक्त धुळीने काय दिले, हे माळव्यातील डॉक्टरांना निराळे सांगावयास नको. तिथे धूळ कारखान्यापुरती होती. चंद्रावर दाराबाहेर पाऊल टाकले की धूळच.

बाळंतपण आणि पहिला मिनिट

साधारण दहांपैकी एका नवजाताला श्वास सुरू करण्यास काही ना काही साहाय्य लागते, आणि जगात दहांपैकी सुमारे एक बाळ अकाली जन्मते. यात परग्रहामुळे घट होण्याचे कारण नाही. शंभर माणसांच्या वस्तीत वर्षाला दोन-तीन जन्म होतील. एवढ्यासाठी शस्त्रक्रियागृह, रक्ताची व्यवस्था, व्हेंटिलेटर, आणि मुख्य म्हणजे सराव असलेले हात सज्ज ठेवावे लागतील. ज्या हातांना वर्षातून दोन बाळंतपणे मिळतात, त्यांचा सराव किती राहील, हे आपणच जाणू शकतो. पृथ्वीवरून सल्ला घ्यावा म्हटले, तर मंगळापर्यंत संदेश पोहोचण्यास अंतरानुसार तीन ते बावीस मिनिटे लागतात, आणि उत्तर येण्यास तितकीच. न रडणाऱ्या बाळाजवळ एकच मिनिट असतो.

संसर्गाचा विचारही करावयास हवा. डॅनिश वैद्य पानुम यांनी १८४६ मध्ये फेरो बेटांवरील गोवराच्या साथीचा जो अभ्यास केला, तो आपल्या पाठ्यपुस्तकांत अजरामर झाला आहे. ६५ वर्षे तेथे गोवर आला नव्हता. एकदा आला तेव्हा सुमारे ७,८०० लोकसंख्येपैकी ६,००० जण आजारी पडले. लहान, बंदिस्त समूहात अनेक रोग टिकत नाहीत, पण तेथील मुलांची प्रतिकारशक्तीही अननुभवी राहते. पृथ्वीवरून येणारे प्रत्येक यान तेथील बालकांसाठी परदेशातून आलेले जहाजच ठरेल. लसीकरण आहे म्हणून हा प्रश्न सुटण्याजोगा आहे, पण तो विसरण्याजोगा नाही.

पोतोसीचा धडा

वसाहतीचे यश मुलांवर ठरते, याचा दाखला पृथ्वीच्या इतिहासातही मिळतो. स्पॅनिश लोकांनी १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियात चार हजार मीटरहून अधिक उंचीवर पोतोसी हे नगर वसविले. तेथील डोंगरात अमाप चांदी होती. धन होते, सत्ता होती, मजूर होते. परंतु स्पॅनिश दांपत्यांची मुले तेथे जगत नसत. नगर वसल्यावर ५३ वर्षांनी पहिले स्पॅनिश मूल तेथे जन्मून जगले, असे इतिवृत्तकार अंतोनियो दे ला कालांचा यांनी लिहून ठेवले आहे. त्याच नगरात स्थानिक आदिवासी स्त्रियांची मुले मात्र वाढत होती, कारण त्यांच्या पूर्वजांनी त्या विरळ हवेशी हजारो वर्षांत जुळवून घेतले होते.

उंची वाढते तसे गर्भाशयातील रक्तप्रवाहावर परिणाम होऊन जन्मवजन दर हजार मीटरला सुमारे शंभर ग्रॅमने घटते, हे आज आपण जाणतो. पोतोसीच्या स्पॅनिश पुरुषांना खाणीत काम करवून घेताना हवेची फारशी अडचण वाटली नसावी. अडचण दिसली ती पाळण्यात. प्रौढांना जे सोसते ते गर्भाला सोसेलच असे नाही, हा तो धडा होय. पोतोसीत फरक एका घटकाचा होता, प्राणवायूच्या दाबाचा. मंगळावर गुरुत्वाकर्षण, किरणोत्सर्ग, माती, प्रकाश असे सर्वच घटक एकदम बदलतील. आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या जुळवून घेतलेले कोणी स्थानिकही नाहीत.

संमती कोणाची?

मंगळावर जाणारा प्रौढ माणूस धोके समजून, सही करून जातो. त्याच्या धैर्याला वंदनच करावयास हवे. परंतु तेथे जन्मणाऱ्या बालकाची सही कोठे असते? मुलांवरील संशोधनाबाबत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची तत्त्वे स्पष्ट आहेत. पालकांची संमती हवी, जाणत्या वयाच्या मुलाची स्वतःची मान्यता हवी, आणि ज्यात बालकाचा प्रत्यक्ष लाभ नाही तेथे धोका किमान असला पाहिजे. साध्या औषधाच्या चाचणीस आपण हे लावतो. मंगळावरचे पहिले बालपण ही तर जन्मापासून मरणापर्यंत चालणारी चाचणी ठरेल, आणि तीतून माघार घेण्याची सोय नसेल.

माघार नाही, असे म्हणण्यास कारण आहे. ३८ टक्के गुरुत्वाकर्षणात ज्याची हाडे व हृदय घडले, तो तरुण पृथ्वीवर आला तर त्याला आपले शरीर अडीचपटीहून अधिक जड वाटेल. आई-वडील पृथ्वी सोडतात ती निवड म्हणून. त्यांच्या अपत्याला पृथ्वी कदाचित कायमचीच मिटलेली असेल, आणि ते त्याने कधी निवडलेले नसेल.

मग करावे काय?

यावरून हा ध्यासच सोडून द्यावा, असे सुचविण्याचा हेतू नाही. बालकाचा निकष लावला की कामाचा क्रम बदलतो, एवढेच सांगावयाचे आहे.

पहिली पायरी तळांची. चंद्रावर व पुढे मंगळावर प्रौढांचे, ठराविक मुदतीचे, परतीची खात्री असलेले तळ उभारण्यास वैद्यकीय दृष्ट्या मोठा अडसर नाही. अंटार्क्टिकाने तो मार्ग दाखविला आहे. दुसरी पायरी प्राण्यांच्या पिढ्यांची. एक षष्ठांश व ३८ टक्के गुरुत्वाकर्षणात उंदरांच्या किमान तीन-चार पिढ्या जन्मून, वाढून, निरोगी प्रजा देतात काय, हे पाहिल्यावाचून मानवी गर्भाचा विचारही करू नये. त्सुकुबातील तो रद्द झालेला कक्ष नव्या रूपाने पुन्हा बांधणे हे कोणत्याही महाकाय अग्निबाणाइतकेच अगत्याचे आहे. भारतीय अवकाश स्थानक २०३५ पर्यंत उभारण्याचा आपल्या देशाचा संकल्प आहे. त्यात अशा सेंट्रिफ्यूजला जागा मिळाली, तर तो जगाला आपला अनमोल नजराणा ठरेल.

तिसरी पायरी सर्वांत रोचक आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांनी १९७४ मध्ये स्वतःभोवती फिरणाऱ्या प्रचंड अवकाश-वसाहतींची कल्पना मांडली. २२४ मीटर त्रिज्येचे चक्र मिनिटाला दोन फेऱ्या घेईल, तर त्याच्या कडेवर पृथ्वीइतके गुरुत्व जाणवते. अभियंत्यांच्या यादीत ही कल्पना फार खर्चिक म्हणून मागे पडते. बालरोगतज्ज्ञाच्या यादीत ती सर्वांत वर येते, कारण तेथे बाळाला आपले पूर्ण वजन मिळते. आपल्याकडे बाळंतपणासाठी लेक माहेरी जाते. मंगळावर वा चंद्रावर काम करणाऱ्या स्त्रियांसाठी असे एखादे फिरते माहेर कक्षेत असावे. जाड कवचाआड तेथे गर्भारपण, प्रसूती आणि मुलाची पहिली वर्षे सुखरूप जावीत. आज हे स्वप्न वाटते; पण मंगळावरील भुयारात जन्मलेल्या बाळाच्या स्वप्नापेक्षा यात अज्ञात गोष्टी पुष्कळ कमी आहेत.

चौथी पायरी, म्हणजे खरोखरीचे गाव, या तिन्हींनंतरची. ती आपल्या हयातीत येईल असे वाटत नाही. एखाद्या धाडसी चमूच्या तळावर एखादे मूल त्याआधीच जन्मास येणे मात्र अशक्य नाही. माणसे जेथे जातात तेथे मुले होतातच. म्हणून अशा मोहिमांच्या आखणीत आरंभापासून प्रसूतितज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ असले पाहिजेत, आणि नव्या जागी मूल वाढविण्याची परवानगी कोणी व कशाच्या आधारे द्यावी, याचे नियम मूल जन्मण्यापूर्वी लिहिले गेले पाहिजेत.

आपल्या दवाखान्यात आलेल्या बाळाचे वजन, उंची आणि डोक्याचा घेर आपण एका तक्त्यावर बिंदूंनी मांडतो. तो तक्ता हजारो निरोगी बालकांच्या मोजमापांवरून तयार झाला आहे, म्हणूनच एखाद्या बिंदूची घसरण आपणांस वेळीच सावध करते. मंगळावरील बालकासाठी असा तक्ता आज कोणाजवळही नाही. तो निदान उंदरांच्या पिल्लांचा तरी तयार होईपर्यंत पाळणा पृथ्वीवरच राहू द्यावा, हेच शहाणपणाचे.